गाडीखाली शिरण्याआधी

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणारा, चाकाखाली लिंबू ठेवणारा माणूस त्याच गाडीखाली शिरायची वेळ आली की मागच्या चाकांना पाचर लावतो, गाडीला टेकू म्हणून लोखंडी घोडी लावतो, वर गाडी हलवून बघतो. मग त्याची श्रद्धा कुठे गेली? राखणारा देव आहे असं तो मनापासून मानत असेल, तर एवढी खबरदारी म्हणजे त्या मानण्यातली खोट नाही का?

हा प्रश्न माझ्या भाच्याचा. वाद घालायचा म्हणून त्याने तो विचारला नव्हता. आमच्या अंगणात त्याच्या जुन्या मारुती आठशेचं ऑइल बदलायचं होतं आणि मी त्याला एकेक गोष्ट करायला लावत होतो. गाडी रॅम्पवर चढली, ठोकळे लागले, घोडी लागली. त्यावर मी स्टेपनीही खाली सरकवायला सांगितली, तेव्हा तो थांबला. म्हणाला, "मामा, तुमच्या गळ्यात माळ आहे. एकादशी तुम्ही चुकवत नाही. मग तुम्हालाच एवढी धास्ती कशाची?"

मी एसटीच्या आगारात मेकॅनिक होतो. उमेदीची सगळी वर्षं बसच्या पोटाखाली गेली. माळही त्याच वर्षांत घातली. या दोन गोष्टींचं माझ्या मनात कधी भांडण झालं नाही. पण ते का झालं नाही, हे कुणाला समजावून सांगायची वेळही आली नव्हती. भाच्याला त्या दिवशी थोडक्यात जे बोललो ते आता नीट मांडतो. चोपड्यात काय, यावल-शिरपुरात काय, घरच्या अंगणात गाडीचं काम करणारी हौशी पोरं मला दिसतात, आणि हा प्रश्न त्यांच्या जिवाशी जोडलेला आहे.

आधी गाडीखाली नेमकं काय असतं ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं सगळं बोलणं हवेत राहील.

मारुती आठशे ही आपल्याकडच्या मोटारींमधली अगदी हलकी गाडी. तरी तिचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, आणि इंजिन पुढे असल्यामुळे त्यातलं निम्म्याहून जास्त पुढच्या दोन चाकांवर येतं. ऑइलचा चेंबरही पुढेच, खाली. त्याचा बोल्ट खोलायचा तर पाठीवर झोपून छाती नेमकी त्या भाराखाली न्यावी लागते. गाडीबरोबर मिळतो तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, असं गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहते आणि कुणी उघडत नाही. जॅक सगळा भार एका जागी घेतो, त्याचा पाय तळहाताएवढा, आणि गाडी जराशी मागेपुढे सरकली की तो कलंडतो. हायड्रॉलिक जॅक असेल आणि त्याचं सील झिजलं असेल, तर तो भार धरून असल्यासारखा दिसतो आणि हळूहळू बसत जातो.

रॅम्पची गोष्ट वेगळी. तिथे गाडी उचलायची नसते, चढवायची असते. भाच्याने वेल्डरकडून अँगलचे दोन रॅम्प करून घेतले होते. सहा इंच उंची, चाक पूर्ण टेकेल एवढा सपाट माथा, आणि चाक पुढे निसटू नये म्हणून टोकाला उभी पट्टी. चाक आपल्या सगळ्या रुंदीने त्यावर बसतं, म्हणून रॅम्प जॅकपेक्षा कितीतरी भरवशाचा. पण त्याचा भरवसा तो ज्या जमिनीवर ठेवला तिच्यापुरताच. शहाबादी फरशीवर ठेवला तर चाक टेकताच तो पुढे पळतो. काळ्या मातीत ठेवला तर ओलीत एक बाजू दबते. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की डांबर मऊ पडतं आणि त्यात घोडीचे पाय रुततात. विटांचा थर तर कधीच लावू नये. लाकूड करकरतं, लोखंड वाकतं, वीट मात्र काही न सांगता एकदम फुटते. आणि सगळ्यात फसवा असतो तो अंगणाचा उतार. पावसाचं पाणी फाटकाकडे वाहून जावं म्हणून गवंडी कोब्याला उतार देतो. डोळ्याला तो दिसत नाही, चाकाला मात्र कळतो.

म्हणून भाच्याकडून मी सगळं क्रमाने करून घेतलं. रॅम्पखाली जुन्या ट्यूबचे तुकडे अंथरायचे, म्हणजे तो सरकत नाही. दोन्ही रॅम्प चाकांच्या रेषेत, एकमेकांना समांतर. स्टिअरिंग सरळ. सांगणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, समोर कधीही नाही. गाडीने पट्टी ओलांडली तर समोरचा माणूस भिंतीला चेपतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढवायची, झटका द्यायचा नाही. चाक पट्टीला टेकलं की इंजिन बंद, गिअर पहिलाच, हँडब्रेक वर. आठशेचा हँडब्रेक मागची चाकं धरतो आणि गिअर पुढची, म्हणून दोन्ही लागतात. मागच्या चाकांना पुढून आणि मागून बाभळीचे ठोकळे. किल्ली काढून खाली जाणाऱ्याच्या खिशात, म्हणजे दुसरं कुणी सहज म्हणून गाडी चालू करणार नाही. मग बाहेर उभं राहून गाडीला खांद्याने रेटायचं, चांगलं गदगदा हलवायचं. पडायची असेल तर ती आत्ताच पडू दे, खाली कुणी नसताना. त्यानंतर घोडी, तीही पत्र्याला न लावता चासीच्या मजबूत जागेला. शेवटी स्टेपनी आडवी करून दाराखालच्या बाजूने आत सरकवायची. वरचं सगळं हुकलं तरी गाडी आणि जमीन यांच्यामध्ये काहीतरी उरायला हवं.

आता त्याच्या प्रश्नाकडे येतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजून सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवं दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला, ज्ञानदेवांनीही तोच घेतला. त्या अर्थाला धक्का लावायची माझी पात्रता नाही. पण हातांनी काम करणाऱ्याला ही पाच कारणं त्याच्या कामातून उलगडत जातात. मला अधिष्ठान म्हटलं की जमीन आणि रॅम्प दिसतो, ज्यावर सगळं उभं आहे ते. कर्ता म्हणजे खाली जाणारा माणूस. त्याची झोप झाली आहे का, त्याचं मन ठिकाणावर आहे का. करण म्हणजे पान्हा, जॅक, घोडी. चेष्टा म्हणजे गाडी कशी चढवली, जाम बोल्टला जोर कोणत्या बाजूने दिला. कारण चुकीच्या बाजूने दिलेला हिसका सगळी गाडी हलवतो. या चारही गोष्टी मला बघता येतात, तपासता येतात, बदलता येतात. दैव त्यांच्यानंतर येतं.

गीतेने दैवाला वगळलेलं नाही आणि एकटंही सोडलेलं नाही. पाच मिळून कर्म होतं. पहिली चार तशीच टाकून जो थेट पाचव्याचा धावा करतो, त्याने आपल्या वाट्याचं काम देवाच्या अंगावर टाकलेलं असतं. घरातल्या धाकट्याने स्वतःच्या वाट्याची बारी थोरल्यावर टाकली, तर त्याला आपण थोरल्याचा भक्त म्हणत नाही. देवाच्या बाबतीत मात्र हीच टाळाटाळ श्रद्धा म्हणून खपते, याचं मला वाईट वाटतं.

या ठिकाणचं शंकराचार्यांचं भाष्य मला फार मोलाचं वाटतं. दैव म्हणजे नशीब असा अर्थ ते इथे घेत नाहीत. इंद्रियांना बळ देणाऱ्या देवता, डोळ्याला बघण्याची शक्ती देणारा आदित्य, असा तो अर्थ आहे. हे समजलं तेव्हा माझ्या मनातली एक गाठ सुटली. दैव कुठे बाहेर बसून गाडी पडू द्यायची की धरायची हे ठरवत असतं, असं आपण धरून चालतो. आचार्यांच्या अर्थाने ते माझ्या डोळ्यातच काम करतं आहे. रॅम्पच्या जोडावरचा गंज मला दिसला, तर तो दाखवणारं दैवच. घोडीचा पाय तिरका बसल्याचं हाताला जाणवलं, तर तीही त्याचीच कृपा. दिसूनही मी 'चालतंय' म्हणून खाली शिरलो, तर दैव मदतीला आलं होतं आणि मीच पाठ फिरवली, असं म्हणावं लागेल. मग खबरदारी ही श्रद्धेच्या विरुद्ध कशी? देवाने दिलेली नजर वापरणं हीच मला त्याची पहिली पूजा वाटते.

आमच्या चोपड्याहून तापी ओलांडून गेलं की अमळनेर. तिथे श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजी शिक्षक होण्याआधी इथेच तत्त्वज्ञान शिकायला आले होते. या संस्थेतल्या मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघा अभ्यासकांनी मिळून १९३३ साली 'अज्ञान' याच नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. आपल्या खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी बसून माणसं अज्ञान म्हणजे काय याचा एवढा खोल विचार करत होती, याचा मला अभिमान आहे. वेदान्तातला दोरी आणि सापाचा दृष्टान्त आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलेला असतो. संधिप्रकाशात दोरी पडलेली असते, माणसाला साप दिसतो, तो घाबरतो. दिवा आणला की साप नाहीसा होतो, दोरी उरते.

गाडीखाली हा भ्रम उलट्या बाजूने होतो. तिथे खरोखरीचा साप असतो आणि माणसाला दोरी दिसते. झिजलेल्या सीलचा जॅक उभा असतो आणि त्याला भक्कम खांब दिसतो. वेदान्ती सांगतात की अज्ञानाचे दोन व्यापार असतात: आहे ते झाकायचं आणि नाही ते दाखवायचं. जॅकची कमजोरी झाकली जाते आणि त्या जागी आधार दिसतो. दोरीला साप समजलेला माणूस फार तर पळतो, धडपडतो. सापाला दोरी समजलेला माणूस ती हातात घेतो.

यावर उपाय कोणता, तेही वेदान्ताने स्पष्ट सांगितलं आहे. अज्ञान कर्मकांडाने जात नाही, ज्ञानाने जातं. सापासमोर कितीही आरत्या केल्या तरी त्याची दोरी होत नाही. दिवा आणून बघावं लागतं. तसंच जॅकला कितीही हळदकुंकू लावलं तरी त्याची घोडी होत नाही. टॉर्च घेऊन वाकून बघावं लागतं की जोड कुठे आहे, भार कुठे आहे, जमीन कशी आहे. हे म्हणताना मी नास्तिकाची बाजू घेत नाही. शांकर परंपरेचंच हे म्हणणं आहे, आणि आमच्या शेजारच्या गावात ते ग्रंथरूपाने तपासलं गेलं आहे.

भाच्याने मध्येच आणखी एक शंका काढली. ती आमच्या वारकऱ्यांना जिव्हाळ्याची. म्हणाला, "ज्ञानोबांनी भिंत चालवली ना? जड वस्तू श्रद्धेला वश होते असाच त्याचा अर्थ नाही का?"

भिंतीच्या या कथेतल्या चांगदेवांचं गाव आमच्याच जिल्ह्यात, तापी आणि पूर्णेच्या संगमावर. तिथून जवळ, तापीकाठच्या मेहूणला मुक्ताई अंतर्धान पावल्या असं आपण मानतो, आणि मुक्ताईंची पालखी दरवर्षी एवढं लांबचं अंतर चालून पंढरपूरला जाते. म्हणून ही कथा आम्हाला घरची. पण तिच्यात कोण कुठे आहे हे नीट बघायला हवं. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन येतात ते चांगदेव. रानातली जनावरं मला भिऊन असतात, चौदाशे वर्षांची सिद्धी माझ्या गाठीशी आहे, हा त्यांचा ताठा. भिंत चालते ती तो ताठा उतरवण्यासाठी. ज्ञानदेवांनी पुन्हा कुठे जायला भिंतीचा वापर केल्याची कथा नाही. ती भावंडं पुढेही पायीच चालली. आणि चांगदेव वाघावरून उतरून, वयाने एवढ्या लहान असलेल्या मुक्ताईंना गुरू मानतात, हा त्या कथेचा कळस आहे.

नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली 'मला काही होत नाही' म्हणत शिरणारा माणूस या कथेत कुठे बसतो? मला तो वाघावर बसलेला दिसतो. आजवर काही झालं नाही हीच त्याची सिद्धी. लोखंड, गुरुत्व, उतार ही सगळी आपल्याला ओळखतात आणि आपल्याला सोडून देतील, असं त्याने गृहीत धरलेलं असतं. पाचर लावणारा माणूस वाघावरून उतरलेला असतो. जड वस्तूला तिचा स्वभाव आहे, तो माझ्यासाठी बदलणार नाही, हे त्याने मान्य केलेलं असतं. नम्रता म्हणतात ती हीच, असं मी समजतो. देवापुढे वाकणं सोपं आहे, तिथे सगळेच वाकतात. देवाने केलेल्या सृष्टीच्या नियमापुढे वाकून हातात ठोकळा घेणं, ही नम्रता रोजच्या कामात कसाला लागते.

आता एक वाक्य, जे आपल्याकडे फार ऐकू येतं: "ज्याची वेळ आली त्याला कोण वाचवणार?" हे वाक्य मी दुःखाच्या घरी ऐकलं आहे, आणि तिथे ते ऐकताना मान खाली घातली आहे. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या आईला, बायकोला जगायला काहीतरी धरायला लागतं. त्या वेळी हे वाक्य औषधाचं काम करतं. कुणी तिथे उभं राहून रॅम्प आणि घोडीचा हिशेब मांडू लागलं, तर तो निर्दयपणा होईल. पण तेच वाक्य काम सुरू होण्याआधी बोललं जातं तेव्हा मला राग येतो. दुःखी माणसासाठी राखून ठेवलेलं सांत्वन आपण आपल्या आळसासाठी खर्च करतो. प्रारब्धाचा सिद्धान्त आपल्या शास्त्रात आहे, पण त्याच्या शेजारीच क्रियमाणही आहे: आज, या घडीला, या हातांनी जे करतो आहोत ते. सुटलेला बाण प्रारब्ध म्हणावा. ठोकळा तर अजून हातात आहे.

मग पूजेला काही अर्थ उरत नाही का? उरतो, आणि मी तो सोडलेला नाही. आगारात खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं मांडायचो. पान्हे, हातोडे, जॅक, घोड्या, साखळ्या. एकेक रॉकेलने पुसायची, चौथऱ्यावर ठेवायची, गंध-फूल वाहायचं. त्या दिवशी प्रत्येक वस्तू हातात घेतली जाते, पुसताना तिची चीर, तिचा झिजलेला आटा बोटाला लागतो. पण पूजेचा उपयोग तेवढाच आहे असं म्हणून मला ती स्वस्त करायची नाही. वर्षभर ज्या घोडीने माझ्यावरचा भार स्वतः घेतला, तिच्यासमोर एक दिवस हात जोडावेत, हे माणूसपणाचं लक्षण आहे. वस्तूबद्दल कृतज्ञता असेल तर वस्तूची हेळसांड होत नाही. फुलं वाहून झाल्यावर तीच घोडी पावसात अंगणात पडून राहिली आणि गंजली, तर ती पूजा अर्धीच राहिली असं मला वाटतं.

आमचे हेड मेकॅनिक होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. कामाला नवा आलेला पोरगा खाली शिरताना देवाचं नाव घेऊ लागला की ते अहिराणीत म्हणायचे, "भो, आधी पाचर लाव, मंग देवनं नाव ले." स्वतः ते पक्के भाविक, आखाजीला आणि कानबाईला रजा घेणारे. त्यांच्या सांगण्यात नावाला विरोध नव्हता, क्रम होता. हा क्रम मला आजही पटतो. कारण चारही कारणं चोख केली तरी पाचवं उरतंच. लोखंडाच्या आत दडलेली चीर कुणाच्याही डोळ्याला दिसत नाही. रस्त्यावरची एखादी गाडी ताबा सुटून फाटकात घुसू शकते. माणसाची नजर जिथे संपते तिथून पुढे नामस्मरणाची जागा आहे, आणि ती फार मोठी जागा आहे. मी गाडीखाली पाठ टेकताना नेहमी विठ्ठलाचं नाव घेतलं. पण पाठ टेकण्याआधी माझे हात रिकामे झालेले असत, त्यांनी करायचं ते सगळं केलेलं असे. असं नाव घेताना मन स्वच्छ असतं. लपवायला काही नसतं.

भाचा ज्याला धास्ती म्हणाला, त्याबद्दलही थोडं बोलायला हवं. दैवी संपत्तीचे गुण सांगताना गीतेने सर्वांत आधी अभय ठेवलं आहे. हे अभय कुणाला मिळतं? ज्याने काही तपासलं नाही, त्याला गाडीखाली एक कान सतत वर ठेवावा लागतो. जरा कुठे कुरकुरलं की तो दचकतो, हात घाईत चालतात, बोल्ट वाकडा बसतो. भीती त्याने दाबलेली असते, ती गेलेली नसते. गाडी हलवून बघून, घोडी लावून जो खाली गेला, त्याचे हात शांत चालतात. तो बोल्ट नीट आवळतो, वायसर बदलतो, गरम ऑइल अंगावर येणार नाही अशा बाजूला तोंड ठेवतो, निघालेलं काळं तेल नाल्यात न ओतता डब्यात भरून ठेवतो. धास्ती बाहेरच संपवून तो आत गेलेला असतो.

इथवर मी खाली जाणाऱ्याविषयी बोललो. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाहेर उभ्या असलेल्या माणसाची आहे.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आमच्या चोपड्यातून जातो. केळीने भरलेले ट्रक या रस्त्याने दिवसरात्र चालतात. चढाला एखादा ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारून उतरतो आणि चाकामागे धोंडा लावतो. उत्तम काम. ट्रकसमोर लिंबूमिरची लटकत असते, चाकामागे धोंडा असतो. भक्ती आणि खबरदारी दोन्ही जागच्या जागी. मग ट्रक दुरुस्त होतो, निघून जातो, आणि धोंडा तिथेच रस्त्यात राहतो. रात्री मोटारसायकलवर घरी निघालेल्या कुणाचं तरी चाक त्यावर जातं. आपल्यापुरती खबरदारी घेऊन झाली की आपला धर्म संपला, असं मानल्याचा हा परिणाम. स्वतःच्या जिवासाठी लावलेली पाचर शहाणपणाची. परक्या जिवासाठी रस्त्यातून उचललेला धोंडा पुण्याचा.

आणि घरच्या रॅम्पपेक्षा मला गॅरेजची काळजी जास्त वाटते. आपण गाडी घेऊन जातो, घाई असते, 'पाच मिनिटांचं काम आहे' म्हणतो. घोडी लावायला वेळ जातो म्हणून नुसत्या जॅकवर गाडी उचलली जाते, आणि खाली शिरतो तो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, कधी सातपुड्यातल्या पाड्यावरून कामाला आलेला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पूर्ण बंदी आहे. त्याच्या वरच्या वयाची पोरंही अंगाने पोरंच असतात. तो गाडीखाली असतो आणि आपण बाहेर मोबाइल बघत उभे असतो. अशा वेळी मनात येणारं 'देव बघून घेईल' हे वाक्य कुणाच्या जिवावर बोललं जातं? धोका दुसऱ्याच्या छातीवर आणि श्रद्धा आपल्या तोंडात, ही वाटणी कोणत्याही धर्मात बसत नाही. माझ्या जिवाबद्दल देवावर हवाला ठेवायचा हक्क मला कदाचित असेल. दुसऱ्याच्या लेकराचा जीव मात्र त्या हवाल्यावर ठेवायचा हक्क मला कुणीच दिलेला नाही.

म्हणून भाच्याला मी शेवटी हेच सांगितलं की स्टेपनी तुझ्यासाठी सरकवत नाही आहोत. तुझी आई माझी बहीण आहे. मी बाहेर उभा आहे, मी तुला खाली पाठवतो आहे, तेव्हा पहिली चार कारणं पुरी करणं हे माझ्याकडे येतं. तो काही बोलला नाही. त्याने स्टेपनी सरकवली, आणखी एकदा खांद्याने गाडी रेटून बघितली, आणि मग खाली गेला.

वाचणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. घरी काम करत असाल तर क्रम मोडू नका. आणि गाडी गॅरेजात नेत असाल, तुम्हाला पान्हा धरता येत नसला तरी, वाकून एकदा बघा की गाडी कशावर उभी आहे. नुसत्या जॅकवर असेल तर मेस्तरींना सांगा की घोडी लावा, मी थांबतो. थोडा वेळ जाईल, मेस्तरी कदाचित हसतील. तेवढा वेळ उभं राहणं हीसुद्धा उपासना आहे, आणि ज्या पोराला खाली जायचं आहे त्याच्यापर्यंत ती थेट पोचते.